पंधराशे तासांची किंमत कोणी मोजायची?

विमान अपघात झाला की दोन गोष्टी ठराविक क्रमाने घडतात. प्रथम वैमानिकाच्या चुकीची चर्चा सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ परवान्याच्या अटी अधिक कडक कराव्यात, अशी मागणी पुढे येते. मागणी रास्तच असते. शेकडो माणसांचे प्राण ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याच्या गाठी पुरेसा अनुभव असावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हा अनुभव कोठून यावयाचा, तो मिळविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि अनुभवी माणसालाही थकल्या अवस्थेत कामावर उभे करणाऱ्या मालकाला जाब कोणी विचारावयाचा, हे प्रश्न मात्र सोयीस्करपणे बाजूला राहतात. वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगाराचा गणवेशातील साहेब, त्याच्या प्रश्नांशी कामगार चळवळीला काय कर्तव्य, अशी समजूत अनेक कार्यकर्त्यांच्याही मनात असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे अमेरिकेतील एका कायद्याच्या इतिहासावरून ध्यानात येईल.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअर कंपनीचे विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ जण आणि त्या घरातील एक, अशी ५० माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचा वेग घटत चालल्याचे दोघाही वैमानिकांच्या लक्षात आले नाही. पंखांखालचा आधार सुटू लागला आहे, असा इशारा देण्यासाठी नियंत्रण दांडा थरथरू लागला, तेव्हा मुख्य वैमानिकाने तो पुढे लोटण्याऐवजी मागे ओढला. विमान सावरण्याऐवजी पूर्णपणे ढासळले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०१० मध्ये याच चुकीला अपघाताचे मूळ कारण ठरविले. तांत्रिक अर्थाने तो निष्कर्ष बरोबरच होता.

परंतु चौकशीत जी इतर माहिती उजेडात आली, ती एका माणसाच्या चुकीपेक्षा फार मोठी होती. सहवैमानिक असलेली तरुणी सिॲटल भागात आईवडिलांकडे राहत होती. कामावर हजर होण्यासाठी तिने आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, वाटेत विमान बदलून, अमेरिकेचे एक टोक सोडून दुसरे गाठले होते. न्यूअर्कसारख्या महागड्या ठिकाणी बिऱ्हाड करणे तिच्या पगारात बसणारे नव्हते. कंपनीच्या स्वतःच्या हिशोबानेही तो पगार वर्षाला २४,००० डॉलरपेक्षा कमी होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तिने जोडीला कॉफीच्या दुकानातही काम केले होते. मुख्य वैमानिक फ्लोरिडाचा रहिवासी. त्याने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. त्या खोलीत झोपण्यास कंपनीची मनाई होती आणि झोपण्याची दुसरी सोयही कंपनीने केलेली नव्हती. मंडळाने अहवालात नमूद केले की, थकव्याचा या दोघांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, परंतु त्याचे नेमके प्रमाण सांगता येत नाही. थकवा यंत्राच्या नोंदीत उमटत नाही. म्हणूनच तो मालकाच्या सोयीचा असतो.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. प्रवाशांनी तिकिटे घेतली होती ती कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीच्या नावावर. विमानावर रंगही तिचाच होता. प्रत्यक्षात विमान चालवीत होती ती कंत्राट घेतलेली छोटी कंपनी. त्या काळात अमेरिकेतील देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळजवळ निम्मी अशा प्रादेशिक कंपन्यांकडे होती. बड्या कंपनीने नाव मिळवावयाचे, तिकिटाचे पैसे घ्यावयाचे आणि कमी पगाराचे, कमी अनुभवाचे मनुष्यबळ कंत्राटदाराच्या माथी मारून जबाबदारीतून मोकळे व्हावयाचे, ही ती पद्धत. गिरणीत बदली कामगार, बंदरात रोजंदारी, नगरपालिकेत ठेक्यावरचा सफाई कामगार, ही पद्धत येथील कार्यकर्त्यांना नवी नाही. ती जमिनीपासून दहा हजार फूट उंचीवरही चालते, एवढेच या अपघाताने दाखवून दिले.

मृतांचे नातेवाईक केवळ नुकसानभरपाई घेऊन घरी बसले नाहीत. त्यांनी संघटित होऊन वॉशिंग्टनला खेपा घातल्या, सुनावण्यांना हजेरी लावली, लोकप्रतिनिधींचा पिच्छा पुरविला. या रेट्यामुळे १ ऑगस्ट २०१० रोजी विमान सुरक्षेचा नवा कायदा झाला. तोपर्यंत सहवैमानिकाच्या आसनावर बसण्यास सुमारे २५० तासांच्या उड्डाणानंतर मिळणारा कमर्शियल परवाना पुरेसा असे. २०१३ पासून त्यालाही मुख्य वैमानिकाच्या दर्जाचा परवाना, म्हणजे सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा अनुभव, आवश्यक ठरला. लष्करी वैमानिकांना ७५० तासांची आणि विमानविद्येची चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना १,००० तासांची सवलत मिळाली. परवान्याच्या परीक्षेपूर्वी ३० तासांचे वर्गशिक्षण आणि १० तासांचा सिम्युलेटरवरील सराव सक्तीचा झाला. तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालविणार आहे, हे प्रवाशाला सांगणे बंधनकारक झाले. विश्रांतीचे नवे नियमही आले आणि जानेवारी २०१४ पासून लागू झाले; मात्र मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळण्यात आले. जणू मालाच्या विमानातील वैमानिकाला झोप कमी लागते!

या कायद्यावर विमान कंपन्यांचा रोष पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यांचा मुख्य युक्तिवाद दिसावयास बिनतोड आहे. कोलगन विमानाच्या मुख्य वैमानिकाकडे तीन हजारांहून अधिक आणि सहवैमानिकाकडे दोन हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. मग १,५०० तासांच्या अटीने तो अपघात कसा टळला असता? शिवाय युरोपात दोन-अडीचशे तासांच्या प्रशिक्षणानंतर सहवैमानिक होता येते आणि तेथील विमाने काही अधिक पडत नाहीत.

या युक्तिवादातील सत्याचा अंश मान्य केला पाहिजे. निरभ्र आकाशात एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन घिरट्या घातल्याने बर्फाळ ढगांतून सत्तर प्रवाशांचे विमान उतरविण्याची विद्या येत नाही. तासांचा आकडा म्हणजे शिक्षण नव्हे. कोलगनच्या मुख्य वैमानिकाने पूर्वी अनेक चाचण्यांत अपयश पाहिले होते. ज्या यंत्रणेने अखेरच्या क्षणी विमानाचे नाक आपोआप खाली दाबण्याचा प्रयत्न केला, तिचा सराव कंपनीने त्याला सिम्युलेटरवर दिलेला नव्हता. परंतु या सत्यातून कंपन्या जो निष्कर्ष काढतात, तो उफराटा आहे. तास पुरेसे नाहीत, म्हणून तासांबरोबर अधिक चांगले प्रशिक्षण द्या, असे त्या म्हणत नाहीत. तास पुरेसे नाहीत, म्हणून तास कमी करा, असे त्या म्हणतात. विमान पूर्ण ढासळल्यावर सावरण्याचा सराव सक्तीचा करणारा नियम २०१३ मध्येच झाला, पण त्याच्या पूर्ततेसाठी कंपन्यांना २०१९ पर्यंतची मुदत देण्यात आली. दर्जाचा कळवळा खरा असता, तर सहा वर्षे लागली नसती.

कंपन्यांचे दुसरे हत्यार म्हणजे वैमानिकांची टंचाई. २०२२ मध्ये रिपब्लिक एअरवेज या कंपनीने आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांसाठी ही अट ७५० तासांवर आणावी, असा अर्ज केला. सरकारी नियंत्रकाने त्याच वर्षी तो फेटाळला. २०२३ मध्ये अमेरिकन संसदेत अट सैल करण्याचे प्रयत्न झाले. वैमानिकांच्या संघटनांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी ते हाणून पाडले आणि मे २०२४ मधील कायद्यात १,५०० तास कायम राहिले. ही टंचाई आली कोठून? कोविडच्या काळात अमेरिकन सरकारने प्रवासी विमान कंपन्यांना पगार चालू ठेवण्यासाठी सुमारे ५४ अब्ज डॉलरचा सार्वजनिक पैसा दिला. तो घेत असतानाच कंपन्यांनी हजारो अनुभवी वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्तीची वाट दाखविली. प्रवासी परतले, तेव्हा माणसे नव्हती. आधी अनुभव घराबाहेर काढावयाचा आणि मग अनुभवाच्या अटीनेच घर रिकामे केले म्हणून गळा काढावयाचा, हा साळसूदपणा झाला.

आणि या टंचाईवर उपाय कोणता निघाला? जो कामगार नेहमी सांगत आला आहे, तोच. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी जून २०२२ मध्ये नव्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला. कोलगन अपघाताच्या काळात असाच नवा सहवैमानिक ताशी वीस-पंचवीस डॉलरवर राबत होता. परवडत नाही, असे ज्यांनी वर्षानुवर्षे सांगितले, त्यांना ते एका उन्हाळ्यात परवडले. परवान्याची अट हे केवळ सुरक्षेचे साधन नव्हते. ती कामगाराच्या हातातील सौद्याची ताकदही होती. तिच्यावरील हल्ल्याचे खरे कारण येथे सापडते.

फेब्रुवारी २००९ ते जानेवारी २०२५ या काळात अमेरिकेतील प्रवासी विमान कंपन्यांचा एकही मोठा प्राणघातक अपघात झाला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ लष्करी हेलिकॉप्टरशी टक्कर होऊन ६७ जण दगावले, तेव्हा ही मालिका खंडित झाली. या यशाचे सारे श्रेय एका अटीला देणे अशास्त्रीय ठरेल. प्रशिक्षण, विश्रांती, नोंदींची देवघेव, यंत्रांतील सुधारणा, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण ज्या व्यवस्थेने हे साधले, तिचा एक खांब काढून पाहू, असे म्हणण्याचा अधिकार नफ्याच्या हिशोबाला नाही.

येथवर विचार कंपन्यांविरुद्धचा झाला. आता अटीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण ती पाहिल्याशिवाय भूमिका पुरी होत नाही. कायद्याने १,५०० तास मागितले. परंतु २५० पासून १,५०० पर्यंतचा प्रवास कोणाच्या खर्चाने व्हावयाचा, हे कायद्याने सांगितले नाही. तो खर्च तरुणाच्या अंगावर पडला. शिकवण्या घेणे, विमानाच्या शेपटीला जाहिरातीचे फलक बांधून समुद्रकिनाऱ्यावर फिरणे, शेतावर औषध फवारणे, अशी कामे तुटपुंज्या मोबदल्यात करीत तास जमवावयाचे आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज वाहावयाचे. ज्याच्या घरी पैसा आहे तो टिकतो. ज्याच्या घरी नाही तो गळतो. युरोपात तास कमी आहेत, पण तेथेही काही कंपन्यांनी नवोदिताकडूनच पैसे घेऊन त्याला प्रवासी विमानात काम करावयास लावण्याची प्रथा पाडली होती. काम करणाऱ्याने कामाचे पैसे मालकाला द्यावयाचे! तासांची अट असो वा नसो, अनुभवाचा खर्च खासगी ठेवला की बोजा कामगारावरच येतो.

तासांच्या आकड्याचा आणखी एक गैरवापर होतो, तो दोष ढकलण्यासाठी. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मॅक्स विमान पडले. दोन्हींत मिळून ३४६ माणसे गेली. इथिओपियन सहवैमानिकाकडे अवघ्या ३६१ तासांचा अनुभव होता, याची अमेरिकेत बरीच चर्चा झाली. त्याच विमानाच्या मुख्य वैमानिकाकडे आठ हजारांहून अधिक तास होते, हे मात्र हळू आवाजात सांगितले गेले. मूळ दोष विमानाच्या रचनेत होता. एकाच संवेदकाच्या भरवशावर विमानाचे नाक पुन:पुन्हा खाली दाबणारी यंत्रणा बोइंगने बसविली आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही केला नाही. वैमानिकांना सिम्युलेटरवर नव्याने शिकवावे लागणार नाही, या आश्वासनावर विमाने विकली गेली. साउथवेस्ट कंपनीशी झालेल्या करारात तसे शिक्षण आवश्यक ठरल्यास दर विमानामागे १० लाख डॉलर सूट देण्याचे कलम होते, हे अमेरिकन संसदेच्या समितीने २०२० मध्ये उघड केले. ज्ञान दडवून ठेवावयाचे आणि मग अनुभव कमी पडला म्हणावयाचे, यापेक्षा निर्लज्ज मखलाशी कोणती?

भारतातही हे सारे प्रश्न आहेत. येथे कमर्शियल परवान्यासाठी २०० तास लागतात आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घेऊन सहवैमानिक होता येते. मुख्य वैमानिकासाठी १,५०० तासांचा परवाना आहे. म्हणून अमेरिकेची अट येथे उचलून आणावी, असे कोणी सुचवील. परंतु पायाभूत शिक्षणाचाच खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो आणि कंपन्यांच्या काही योजनांत तो कोटीला भिडतो. ज्या देशात लहान विमानांवरील रोजगारच अत्यल्प आहे, तेथे उरलेले तेराशे तास जमवावयाचे कोठे? नुसती अट आणली तर त्या तासांचा बाजार भरेल. तसा तो भरलाही आहे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याची प्रकरणे देशात उघड झाली आणि राजस्थानात न केलेल्या उड्डाणांचे तास वहीत चढविल्याबद्दल अटका झाल्या. अनुभव विकत घ्यावयाची वस्तू झाली की नकली अनुभवही विक्रीला येतो.

दुसरीकडे, भरपूर तास असूनही काय घडते, हे २२ मे २०१० रोजी मंगळूरला दिसले. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपुढच्या दरीत गेले आणि १५८ जण ठार झाले. मुख्य वैमानिकाकडे दहा हजारांवर तास होते. चौकशीत निष्पन्न झाले की, रात्रीच्या त्या उड्डाणात तो दीर्घकाळ झोपला होता आणि जाग आल्यावरही झोपेचा अंमल उतरलेला नव्हता. कमी अनुभवाच्या सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास तीनदा सांगितले. ते ऐकले गेले नाही. तेथे तासांची उणीव नव्हती. झोपेची होती, आणि कनिष्ठाचा शब्द मानला जाईल अशा कार्यपद्धतीची होती.

म्हणूनच डिसेंबर २०२५ मधील घटना गंभीर ठरते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची कामे आवरणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबले आणि न्यायालयीन झगड्यानंतर २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने पुरेशी माणसे ठेवली नाहीत. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि सरकारने कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. पुढे दंड झाला, तो वेगळा. परंतु बाजाराचा मोठा हिस्सा एका हाती गेला म्हणजे कायदाच वाकवावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला. २०२२ मध्ये एअर इंडिया विकून सरकारने स्वतःच्या हातचा पर्यायही सोडून दिलेला होता.

तेव्हा मागणी कोणती करावयाची? अनुभवाची अट उंचावलीच पाहिजे. परंतु ती एकटी नव्हे. पहिली गोष्ट, परवान्यानंतरचे प्रशिक्षण हा कंपनीचा खर्च मानला पाहिजे आणि नवोदिताकडून त्यासाठी रक्कम वा वेठीचे करारपत्र घेण्यास बंदी हवी. दुसरी, फुर्सतगंजच्या सरकारी उड्डाण अकादमीसारख्या संस्था वाढवून तेथे दलित, आदिवासी आणि श्रमिक घरांतील मुलामुलींना पूर्ण खर्चाने शिकविले पाहिजे. गोंदियाच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमाने उडतात, पण भोवतालच्या धानशेतीतील किती मुले त्यांत बसू शकतात, हा प्रश्न महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे. तिसरी, तासांबरोबर सिम्युलेटरवरील संकटाच्या सरावाची किमान मर्यादा ठरली पाहिजे आणि तिची तपासणी कंपनीने नव्हे, सार्वजनिक यंत्रणेने केली पाहिजे. चौथी, विश्रांतीच्या नियमांना कोणत्याही कंपनीसाठी सूट असता कामा नये. आणि पाचवी, हे सारे ठरविताना वैमानिकांच्या, केबिन कर्मचाऱ्यांच्या आणि अभियंत्यांच्या संघटनांना निर्णयात जागा हवी. थकल्याचे सांगणाऱ्या माणसाला नोकरीची शाश्वती हवी.

विमानाने जाणारे थोडे, म्हणून हा प्रश्न थोड्यांचा, असे मानण्याचे कारण नाही. मंगळूरच्या विमानात आखातात राबून सुट्टीवर घरी निघालेली माणसेही होती. एस. टी. चा चालक, रेल्वेचा लोको पायलट आणि विमानाचा वैमानिक यांचा प्रश्न एकच आहे: माणसांचे प्राण हातात घेणाऱ्या कामगाराला शिकण्यास, झोपण्यास आणि नकार देण्यास वेळ मिळतो की नाही. हा वेळ कोणीतरी विकत घ्यावाच लागतो. आज त्याची किंमत तरुण कर्ज काढून आणि प्रवासी जीव देऊन मोजतात. ती नफ्यातून वसूल झाली पाहिजे, हे पंधराशे तासांच्या वादातून शिकावयाचे आहे.